कोनाड्यातली गोळी

सांगली जिल्ह्याच्या नकाशात शिराळा तालुका पश्चिमेच्या टोकाला आहे, आणि त्याचाही पश्चिम भाग म्हणजे पाऊस, भात आणि लाल चिखल. तिकडे पूर्वेला जत-आटपाडीची पोरं धुळीत खेळतात. इकडे जून ते ऑक्टोबर कुणाचे पाय कोरडे राहत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या ओल्या पायांपाशीच येणार आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकात मी वैद्यकीय अधिकारी आहे. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा, असं आमचं फिरणं. दिवाळीच्या सुट्टीनंतर वारणेच्या खोऱ्यातल्या एका सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही पोचलो. वजनकाटा आणि डोळ्यांचा तक्ता मांडून होतोय तोवर चौथीच्या बाई एका मुलीला हाताला धरून घेऊन आल्या.

"मॅडम, हिला आधी बघा. हिच्यापायी खडूचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवावा लागतोय."

मुलगी हसली. हसताना हिरड्या दिसल्या, त्या पांढुरक्या होत्या.

तिला इथे धाकटी म्हणते. सहावीत शिकणारी तिची बहीण ती थोरली, आणि घरी तीन वर्षांचा भाऊ, त्याला सगळे बारका म्हणतात. गावाचं आणि शाळेचं नाव लिहिणार नाही.

तपासणी

वय ९ वर्षं, वजन १९.४ किलो, उंची १२१ सेंटिमीटर. वयाच्या मानाने दोन्ही कमी, पण तक्त्यावरच्या धोक्याच्या रेषेच्या जेमतेम वर. त्यामुळे आमच्या फॉर्मवर ती ‘कुपोषित’ या रकान्यात बसत नव्हती. फॉर्म भरणाऱ्याला अशी मुलं सोपी जातात आणि म्हणूनच ती हातून निसटतात. पापणीच्या आतला भाग फिकट, जीभ गुळगुळीत, नखं चपटी. बसलेली असतानाही नाडी मिनिटाला ११०. बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन बघितलं, ते ८.६ भरलं.

५ ते ११ वर्षांच्या मुलांत ११.५ च्या खाली आलं की रक्तक्षय धरतात. ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. तीव्र असेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवावंच लागतं. धाकटी त्या उंबऱ्याच्या अलीकडे होती, म्हणून गावातच उपचार करता आले.

माती खाते का, असं विचारल्यावर तिने मान खाली घातली. उत्तर थोरलीने दिलं. "भिताडाची खाती. पाऊस पडल्यावर वास येतो न्हवं, तवा लई खाती."

खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे पुष्कळदा लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. घरच्यांना ती खोड वाटते आणि पाठीत धपाटा बसतो. शिवाय त्याच मातीतून गोलकृमीची अंडीही पोटात जातात. म्हणजे लोह कमी म्हणून माती, मातीतून जंत, आणि जंतांमुळे पुन्हा भूक कमी.

जंतांची शंका मला आली होती. बाईंनी लगेच रजिस्टर काढून दाखवलं. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू आहे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या ठरलेल्या तारखा, त्या राज्यागणिक थोड्या पुढेमागे होतात. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, २ ते १९ वर्षांपर्यंत पूर्ण. त्या दिवशी जो गैरहजर असेल त्याच्यासाठी आठवड्याभरात दुसरा दिवस ठेवलेला असतो. धाकटीच्या नावापुढे फेब्रुवारीत बरोबरची खूण, ऑगस्टमध्येही खूण. मागच्या वर्षीही तेच.

ती खूण पाहून मी चुकले. तीन महिन्यांपूर्वीच गोळी झालेली आहे, तेव्हा जंत नसावेत, हे आहारातलंच असणार, असं मनाशी ठरवून लोहाचं सिरप लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

घरी

आठ दिवसांनी आशाताईंचा, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेचा, फोन आला नसता तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. सिरप पोचवायला त्या घरी गेल्या होत्या. बोलता बोलता आई म्हणाली, "जंताची गोळी आनलीय की थोरलीनं. हितंच हाय." आणि तिने चुलीशेजारच्या कोनाड्यातून वहीच्या कागदाची पुडी काढून दाखवली. पुडीत ऑगस्टची गोळी होती, काजळी धरलेली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. झालं होतं असं : १० ऑगस्टला धाकटीला ताप होता. पुढच्या फेरीला सगळं घर मामाच्या गावी भांगलणीला गेलेलं. परत आल्यावर बाईंनी गोळी थोरलीच्या हाती दिली, घरी खायला घाल म्हणून, आणि रजिस्टरात खूण केली. घरी आजीने मोडता घातला. आदल्या वर्षी गोळी खाऊन शेजारच्या पोराला उलटी झाली होती, पोर आजारीच आहे, आता नको. गोळी कोनाड्यात गेली.

ही गोळी समोर उभं करून चावून खायला लावायची असते, घरी द्यायची नसते, हे बाईंना माहीत होतं. पण दोन वर्ग एकटीच्या अंगावर आणि संध्याकाळपर्यंत आकडा वर कळवायचा. रिकामा रकाना ठेवला की खुलासा मागतात, भरला की कुणी विचारत नाही. त्यांच्यावर रागावण्यात मला अर्थ दिसला नाही. आणि आजीची भीतीही निराधार नव्हती. पोटात पुष्कळ जंत असले की गोळीनंतर मळमळ, पोटात कळ, क्वचित उलटी होते. हे आधी सांगितलं असतं तर ते अपेक्षेतलं वाटलं असतं. न सांगितल्यामुळे ती गावभर बातमी झाली.

शौचालय बघावं म्हणून परसात गेले. दार उघडलं तर आत गोवऱ्या आणि जळण छपरापर्यंत रचलेलं. ते ग्रामपंचायतीच्या यादीत आहे, आणि बांधकामही चांगलं आहे. आईला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "मॅडम, पावसात जळान कुटं ठिवू? घर सगळं गळतंय." त्या घरात पक्क्या छपराची, कोरडी जागा तेवढी एकच होती. त्यामुळे जंतांची अंडी मातीत वाढतात त्याच चार महिन्यांत शौचालय बंद, आणि पोरं ओढ्याकाठच्या पाणंदीत. उन्हाळ्यात जळण बाहेर येतं तेव्हा शौचालय रिकामं होतं, पण तेव्हा उन्हाने तापलेल्या मातीत अळ्या टिकतच नाहीत. जनजागृतीच्या फलकावर ‘शौचालय वापरा’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे जळण कधीच आलेलं नसतं. माझ्याही नव्हतं.

पाणंदीत पोरं अनवाणी जातात, कारण चिखलात चप्पल रुतते आणि बंद तुटतो. शाळेतून मिळालेले बूट खोक्यात होते, २६ जानेवारीसाठी राखलेले. पायाच्या बोटांमध्ये खाज आणि पुरळ होतं, त्याला आई ‘चिखल्या’ म्हणत होती. बहुतेक वेळा त्या चिखल्याच असतात, बुरशीच्या. पण अंकुशकृमी (हुकवर्म) या जंताची अळी कातडीतून आत शिरते तेव्हाही तिथे तशीच खाज सुटते आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

अंकुशकृमीचा प्रवास गावात समजावून सांगताना माणसं कान देऊन ऐकतात. शौचातून अंडी मातीत पडतात, ओल आणि सावली मिळाली तर एक-दोन दिवसांत फुटतात. आठवड्याभरात अळी कातडीतून शिरण्याजोगी होते. पायातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून श्वासनळीने वर चढून घशात, आणि घशातून गिळली की आतड्यात. तिथे आतड्याच्या अस्तराला तोंड रुतवून ती रक्त पिते. पाय ते पोट आणि पोटात पहिलं अंडं, यात महिना-दीड महिना सहज जातो. आता ऑगस्टच्या गोळीचा विचार करा. अल्बेंडाझोल आतड्यातल्या जंतांवर चालतं. जी अळी त्या दिवशी अजून फुप्फुसाच्या वाटेवर आहे तिला त्या एका गोळीचा फारसा धक्का लागत नाही, आणि गोळीचा असर पुढे टिकून राहत नाही. शिराळ्याच्या पश्चिमेला ऑगस्टनंतर अजून दोन महिने चिखल असतो. म्हणजे धाकटीने ती गोळी खाल्ली असती, तरी नोव्हेंबरमध्ये तिच्या पोटात नवे जंत असण्याची शक्यता होतीच. रजिस्टरातली ती एक खूण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र दाखवते : गोळी वाटली, गोळी पोटात गेली, जंत गेले. आणि यातल्या एकाही गोष्टीने रक्त वाढत नाही, ती चौथी गोष्ट.

शौचाचा पहिला नमुना वाया गेला. डबी शनिवारी भरली, प्रयोगशाळेत मंगळवारी पोचली. अंकुशकृमीची अंडी इतका वेळ थांबत नाहीत. दुसरा नमुना सकाळी घेऊन त्याच दिवशी दुपारच्या आत पोचवला. त्यात अंकुशकृमीची अंडी भरपूर आणि गोलकृमीची थोडी दिसली. रक्तातल्या पेशी लहान आणि फिकट होत्या, इओसिनोफिल, म्हणजे जंत असताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या होत्या. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाची शंका दूर व्हावी म्हणून ती तपासणीही करून घेतली, ती ठीक आली.

लोहाचा हिशेब

‘एवढासा किडा किती रक्त पिणार?’ असं धाकटीच्या वडिलांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. अंकुशकृमीच्या मुख्यतः दोन जाती माणसात आढळतात, नेकेटर आणि अ‍ॅन्सायलोस्टोमा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची अंडी एकसारखीच दिसतात. नेकेटरचा एक किडा दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, अ‍ॅन्सायलोस्टोमा त्याच्या पाचपट किंवा जास्त. समजा पोटात नेकेटरचे ३० किडे आहेत, तर दिवसाला पाऊण-एक मिलिलिटर रक्त जातं. चमचाभरही नाही. धाकटीच्या पातळ रक्तात तेवढ्यात पाव मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं थोडं आतडं परत शोषतं, बाकीचं गेलं.

आता जमेची बाजू. तिच्या रोजच्या खाण्यातून समजा १२ मिलिग्रॅम लोह मिळतं. भात-भाकरीच्या जेवणातलं पाचेक टक्केच लोह अंगी लागतं. म्हणजे जमा ०.६ मिलिग्रॅम, आणि त्यातलं पाव मिलिग्रॅमपर्यंत त्या तीस किड्यांच्या नावे. उरलेल्यात नवीन रक्तही करायचं आणि वाढायचंही. वडील सोसायटीच्या कर्जाचे हप्ते फेडतात, त्यांना व्याज कशाला म्हणतात हे मला सांगावं लागलं नाही.

शिवाय ही जमाही पुरती होत नव्हती. सकाळी चहा-बटर, दुपारी शाळेची खिचडी, रात्री भात आणि पातळ आमटी, आणि जेवणावर पुन्हा घोटभर चहा. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यातच धरून ठेवतं. दुपारचं जेवण शाळेत व्यवस्थित शिजत होतं : प्राथमिक वर्गाच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, हिशेबाने ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. पण धाकटी त्यातलं अर्धं डब्यात भरून घरी नेत होती, बारक्यासाठी. अंगणवाडी ओढ्यापलीकडे, पावसाळ्यात त्याला तिकडे कोण नेणार? हे बाईंना माहीत नव्हतं, आईला माहीत होतं आणि तिला त्यात वावगं वाटत नव्हतं. मला सांगताना थोरली जरा ओशाळली.

घरात सहा कोंबड्या होत्या. अंडी आठवड्याच्या बाजारात जात.

औषध आणि मधला खंड

अल्बेंडाझोल माझ्यासमोर चावून खायला लावलं, धाकटीला आणि दोन्ही भावंडांनाही. आजी उंबऱ्यात बसून होती. मळमळ झाली तर काय करायचं ते तिला आधी सांगितलं. काही झालं नाही. आजीने वावडिंग उकळून देण्याचा विषय काढला. मी स्वतः आयुर्वेदाची पदवीधर आहे. विडंग, म्हणजे हेच वावडिंग, कृमींवर सांगितलेलं आहे हे मला कुणी सांगायला नको. पण हिमोग्लोबिन ८.६ असताना प्रयोग करत बसायची वेळ नसते, असं आजीला म्हटलं. तिला ते पटलं, किंवा तिने तसं दाखवलं.

आणखी एक समज खोडून काढावा लागला. झोपेत दात खातो म्हणजे जंत, गोड खाल्लं की जंत. दोन्हीत तथ्य नाही. पण या समजामुळे दात खाणाऱ्या बारक्यासाठी औषधांच्या दुकानातून दर दोन महिन्यांनी जंताचं औषध येत होतं, आणि जिला खरी गरज होती ती दात खात नव्हती म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

लोहाचं सिरप किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे तिला दिवसाला सुमारे ६० मिलिग्रॅम. शाळेत ५ ते ९ वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला मिळणारी ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी गोळी रक्तक्षय टाळण्यासाठी आहे. झालेला भरून काढायला ती पुरत नाही.

डिसेंबरच्या शेवटी हिमोग्लोबिन बघितलं, ९.०. मी निराश झाले. मग कळलं, मधले दहा दिवस सिरप बंद होतं. शौच काळं व्हायला लागलं म्हणून आई घाबरली होती. तिचा समज असा की पोटात मेलेले जंत कुजून बाहेर पडतायत, आता औषध पुरे. लोहाने शौच काळं होतं हे सांगायला मी विसरले होते. एका वाक्याचं काम होतं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नसतो, म्हणून आता मी बाटलीवरच लिहून देते.

खाण्यात फार मोठे बदल सांगितले नाहीत. चहा जेवणानंतर तासाभराने. आमटीवर लिंबू पिळायचं. परसातल्या शेवग्याचा पाला आठवड्यातून तीनदा. बाजारात जाणाऱ्या अंड्यांतली चार घरात, दोघींना दोन-दोन. यावर वडिलांनी थोडी कुरकुर केली, ती रास्तच, तेल-मिठाचे पैसे त्यातून येत होते. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. पाणी ओसरल्यावर आजी बारक्याला रोज अंगणवाडीत सोडायला लागली, तिथे त्याला गरम जेवण मिळू लागलं, आणि धाकटीचा डबा रिकामा घरी येऊ लागला.

जंताच्या गोळीनंतर तीन आठवड्यांनी पुन्हा घेतलेल्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी दिसली नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी हिमोग्लोबिन १०.७, एप्रिलमध्ये ११.७. वजन २१.१ झालं. खडूचा डबा बाईंनी पुन्हा टेबलावर ठेवला.

हे वजन जंत गेल्यामुळे वाढलं, असं मी म्हणणार नाही. लोह होतं, अंडी होती, पूर्ण जेवण होतं, सुगीनंतरचे दिवस होते. नुसत्या गोळीने मुलं किती वाढतात यावर शास्त्रज्ञांतच जुना वाद आहे. केनियातल्या शाळांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गोळीने शाळेतली गैरहजेरी बरीच घटली. त्या आकडेमोडीवर पुढे जोरदार वादही झाला. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर पाच वर्षं दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊन पाहिलं. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या निष्कर्षात वजनात किंवा मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मला या दोन्हींत विरोध वाटत नाही. लाखो मुलांच्या सरासरीत हलके जंत असलेली मुलं जास्त भरतात, तिथे धाकटीसारखी मुलगी दिसेनाशी होते. पण वर्षाला दोन गोळ्यांवर काम भागवणाऱ्याने उत्तर प्रदेशचा आकडा भिंतीवर लावावा असं मात्र वाटतं.

फेब्रुवारीच्या फेरीत बाईंनी पद्धत बदलली. खिचडी झाल्यावर वर्गावर्गात गोळी, चावून, जीभ बाहेर काढून दाखवायची. गैरहजर असणाऱ्यांचे रकाने रिकामे ठेवले, गोळी कुणाच्या हाती घरी पाठवली नाही. आकडा खाली आला आणि दोन दिवसांत वरून फोन आला, तुमच्या शाळेची टक्केवारी का घसरली? बाईंनी मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, कोनाड्यातली गोळी दाखवा. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

जळणासाठी परसात पत्र्याची पडवी टाकायचं वडिलांनी कबूल केलंय. पत्र्याचा भाव विचारून आलेत, अजून आणला नाही. बूट मात्र खोक्यातून निघाले, पण चिखलासाठी नाही. त्यासाठी रबरी गमबूट हवेत, ते दोघींना मिळून एकच जोड आलाय, थोरलीच्या मापाचा. पाऊस सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा नमुना घ्यायचा, असं आशाताईंशी ठरलंय. या वेळी डब्या तीन दिल्यात, आणि वार शनिवार नाही.